चादरीची आकृती कोणाची? डिझाइन कायद्याची एक चिकित्सा



सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो ते, मिळून वीस वर्षं उलटली. महाराष्ट्रातल्या वस्तूंमध्ये हा मान पहिल्यांदा मिळाला तो आपल्या चादरीला. त्यामुळे इथं सात रस्त्यावर उभं राहून कोणालाही विचारा, 'चादरीला कायद्याचं संरक्षण आहे का?' तो म्हणेल, 'आहे की! जीआय आहे ना!' माझं आजचं म्हणणं असं आहे की संरक्षण आहे ते चादरीच्या नावाला. चादरीवर जे दिसतं, तो मोर, ती वेल, ती रंगांची जोडणी, त्याला हे मानांकन संरक्षण देत नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे, आणि तो कायदा आपल्या चादरीकडे अर्ध्याच डोळ्यांनी बघतो. ज्यानं तो मोर आलेख कागदावर चौकट-चौकट भरून काढला, त्या माणसाकडे तर तो बघतच नाही.

मी वकील नाही. मी तत्त्वज्ञान शिकवलं. पण व्याख्या तपासणं हा आमचा जुना उद्योग आहे, आणि कायदा म्हणजे शेवटी व्याख्यांचा ग्रंथ. तेव्हा 'डिझाइन्स अ‍ॅक्ट, २०००' हा ४८ कलमांचा कायदा आपण आज एखादं पुस्तक वाचावं तसा वाचू. ११ मे २००१ पासून तो लागू आहे.

आधी थोडी साफसफाई करू, कारण हे सगळे हक्क बोलताना एकात एक मिसळतात. लोक सर्रास म्हणतात, 'चादरीचं पेटंट घेतलंय.' तसं नसतं. पेटंट मिळतं नव्या शोधाला. उद्या कोणी मागाची नवी यंत्रणा शोधली तर तिला. कापडाच्या कडेला गिरणीचं किंवा कारखान्याचं जे चिन्ह असतं, ते व्यापारचिन्ह, ट्रेडमार्क. चित्रकारानं काढलेल्या चित्रावर कॉपीराइट. सोलापूर या जागेशी जोडलेल्या नावावर जीआय. आणि कापडावर जे रूप उमटतं, त्याच्यासाठी डिझाइनची नोंदणी. एकाच चादरीवर हे पाच वेगवेगळे हक्क असू शकतात, आणि पाचही वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, ती पुढे उपयोगी पडेल. न्यायदर्शनात एक वाद आहे. 'गाय' या शब्दाचा अर्थ काय? समोर उभी असलेली ही एक गाय? की गाईचा आकार, शिंगं, वशिंड, अवयवांची ठेवण? की सगळ्या गाईंमध्ये असणारं गोत्व? गौतमाचं उत्तर असं की व्यक्ती, आकृती आणि जाती, तिन्ही मिळून अर्थ होतो. मग नैयायिक मातीच्या गाईचं उदाहरण देतात. तिला गाईची आकृती आहे, पण तिच्यात गोत्व नाही. पोरं खेळतील तिच्याशी, पण तिला धारेला बसता येत नाही.

चादरीला हे लावून बघा. तुम्ही दुकानातून एक चादर घेतली. ती एक चादर, ती व्यक्ती, तुमच्या मालकीची झाली. तिची आकृती डिझाइनच्या कायद्याकडे गेली. आणि तिचं सोलापुरीपण, तिची जाती म्हणा, जीआयच्या कायद्याकडे गेली. गौतमानं जे एकत्र बांधलं होतं, ते कायद्यानं तीन कप्प्यांत टाकलं. प्रशासनाच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण नक्कल करणारा आत शिरतो तो या कप्प्यांमधल्या फटींतून. त्यानं आकृती उचलली आणि नाव टाळलं, तर जीआय त्याला धरू शकत नाही. त्यानं नाव उचललं आणि आकृती बदलली, तर डिझाइनचा कायदा त्याला धरू शकत नाही.

याचं ताजं उदाहरण आपल्या घरचंच आहे. कोल्हापुरी चपलेचं जीआय महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना आहे, आणि त्या आठांत सोलापूर जिल्हाही येतो. जून २०२५ मध्ये मिलानला प्रादा या कंपनीनं आपल्या प्रदर्शनात तशाच घाटाची पादत्राणं आणली. नाव काय दिलं? चामड्याची सँडल. 'कोल्हापुरी' हा शब्दच नाही. गदारोळ झाला, कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते त्या मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. पुढे डिसेंबरात कंपनीनं लिडकॉम आणि लिडकार या दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी समझोता केला. चांगलं झालं. पण नीट बघा, हा समझोता कायद्याच्या धाकानं झाला, की जगभर झालेल्या चर्चेच्या लाजेनं? माझ्या मते लाजेनं. आणि लाज ही मोठ्या कंपनीला वाटते, कारण तिला नाव असतं. ज्याला नावच नाही असा पाच-पन्नास मागांचा नकलाकार, त्याला कसली लाज?

आता मूळ ग्रंथाकडे येऊ. मी तीन शब्द निवडलेत. पहिला शब्द 'डोळे'.

कायदा म्हणतो की आकार, ठेवण, नक्षी, अलंकरण, रेषांची किंवा रंगांची रचना, ही औद्योगिक प्रक्रियेनं वस्तूवर उमटलेली असावी, आणि तयार वस्तूत तिची पारख केवळ डोळ्यांनी होत असावी. रचनेचं तत्त्व, बांधणीची पद्धत, निव्वळ यांत्रिक भाग, हे सगळं त्यातून वगळलेलं आहे. यामागचा विचार मला समजतो. उपयुक्त गोष्टीवर डिझाइनच्या नावाखाली कोणी मक्ता मिळवू नये. त्यासाठी पेटंटची कठीण परीक्षा आहे. हे बरोबरच आहे.

पण चादर घेताना आपल्याकडची बाई काय करते? आधी हातात घेते. अंगठा आणि बोट यांच्यात कापड चोळून बघते. वजन बघते. मग उलटून बघते. ही उलटून बघण्याची क्रिया महत्त्वाची आहे. जॅकार्डवर दुहेरी कापडाच्या पद्धतीनं विणलेल्या चादरीत एका बाजूला निळ्यावर पांढरं फूल असेल, तर मागच्या बाजूला पांढऱ्यावर निळं फूल येतं. इथं नक्षी आणि वीण वेगळ्या काढता येत नाहीत. छापील चादरीत कापड आधी असतं, चित्र मागून येतं. विणलेल्या चादरीत चित्र म्हणजेच कापड. ताणाबाणा उसवला तर फूलही उसवलं. कायदा मात्र म्हणतो, फूल माझ्याकडे आणा, वीण बाहेर ठेवा. याचा व्यवहारातला परिणाम काय? तुमची विणलेली नक्षी कोणी स्वस्त कापडावर नुसती छापली, तरी डोळ्यांना ती सारखी दिसते, म्हणून नोंदणी असेल तर तुम्ही त्याला अडवू शकता. ही जमेची बाजू. पण तुमची दोन्ही बाजूंनी वापरायची वीण, तो जाडपणा, तो स्पर्श, ज्यासाठी गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजतं, त्याला या कायद्यात शब्दच नाही.

दुसरा शब्द 'नवीन'.

नोंदणीसाठी डिझाइन नवीन किंवा मूळ असावं लागतं, आणि अर्ज करण्याआधी ते भारतात किंवा जगात कुठंही प्रसिद्ध किंवा वापरात आलेलं असता कामा नये. माहीत असलेल्या डिझाइनांपेक्षा ते ठळकपणे वेगळंही दिसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं भारत ग्लास ट्यूबच्या खटल्यात, २००८ साली, एक गोष्ट स्पष्ट केली की नवेपणा त्या विशिष्ट वस्तूच्या संदर्भात बघायचा. तिथं काचेच्या पत्र्यावरच्या नक्षीचा प्रश्न होता. नक्षी उमटवणारा रूळ आधीपासून माहीत होता, म्हणून काचेवरची नक्षी जुनी ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्याला याचा अर्थ असा की मोर जुना असला म्हणून घाबरायचं कारण नाही. चादरीवरचा तुमचा मोर कसा मांडलाय, काठाशी त्याचं नातं काय, ही मांडणी खरोखर वेगळी असेल तर नोंदणीचा दरवाजा उघडा आहे.

अडचण दुसरीकडे आहे, ती वेळेची. आपला विणकर काय करतो? नमुना विणतो, दोन व्यापाऱ्यांना दाखवतो, चार गठ्ठे बाजारात सोडतो. गड्ड्याच्या जत्रेत ठेवतो, बघतो माल उठतो का. उठला, तर म्हणतो, 'आता याची नोंदणी करू.' झालं! त्या क्षणी कायद्याच्या लेखी ते डिझाइन शिळं झालेलं असतं. स्वतःच स्वतःचा नवेपणा संपवून मग तो अर्ज घेऊन येतो.

इथं कायदा अगदीच निर्दय आहे असं मी म्हणणार नाही. कलम १६ मध्ये खास कापडासाठी एक सवलत आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. नोंदणी करायच्या नव्या कापडी डिझाइनसाठी पहिली आणि गोपनीय मागणी स्वीकारली, तर ती प्रसिद्धी धरली जात नाही. विश्वासानं कोणाला दाखवलं आणि त्यानं विश्वासघात केला, तरीही तेच. कलम २१ मध्ये ठरावीक प्रदर्शनांसाठी सवलत आहे, पण नियंत्रकाला आधी कळवावं लागतं आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कापडाचा धंदा थोडाबहुत ठाऊक होता. पण हे बघा, गोपनीय मागणी म्हणजे काय, तर लेखी करार, तारीख, सही. आपल्या बाजारात मागणी फोनवर येते, आणि नमुन्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. विश्वासघात सिद्ध करायचा तर आधी विश्वास कागदावर असावा लागतो.

नोंदणी झाली तर संरक्षण दहा वर्षं, आणखी पाच वर्षं वाढवता येतं. इथं मला इतिहासाची गंमत वाटते. इंग्लंडमध्ये १७८७ साली या प्रकारचा पहिला कायदा झाला, तोच मुळी कापडासाठी. तागाच्या, सुती, मलमली छापील कापडासाठी. मुदत किती? दोन महिने! पुढे तीन केली. फ्रान्समध्ये १८०६ साली लियों या रेशमाच्या गावी कायद्यानं एक स्थानिक न्यायमंडळ नेमलं गेलं. विणकामाच्या धंद्यातलीच माणसं त्यात असत, आणि कारखानदारानं आपल्या कापडाचा नमुना मोहोरबंद करून त्यांच्याकडे ठेवायचा. ज्या जॅकार्डचं नाव आपल्या मागांवर आजही घेतलं जातं, तो याच गावचा आणि याच काळातला. म्हणजे डिझाइनचा कायदा विणकरांच्या गल्लीत जन्मला. भारतात तो १८७२ साली आला, १९११ च्या कायद्यात स्थिरावला, आणि तिथून आजच्या कायद्यात. प्रवासात मुदत वाढत गेली, पण गल्ली मागे राहिली. आज अर्ज ऑनलाइन करता येतो, व्यक्तीसाठी आणि लहान उद्योगासाठी फी एक हजार रुपये आहे, ती जास्त नाही. तपासणी कोलकात्याला होते. पण वर्षाला पन्नास नमुने काढणाऱ्यानं, त्यातले कोणते तीन चालतील हे माहीत नसताना, पन्नास अर्ज करायचे? ज्या नक्षीचं आयुष्य दोन हंगामांचं, तिला पंधरा वर्षांचं कुलूप देऊ करणारा कायदा तिला पहिल्या दोन महिन्यांत मात्र उघड्यावर ठेवतो.

कोणी म्हणेल, नोंदणी नको, कॉपीराइट आहे ना. नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ वाचा. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं औद्योगिक प्रक्रियेनं पन्नासपेक्षा जास्त वेळा तयार झाली, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. एकावन्नावी चादर मागावरून उतरली, की हक्क गेला. सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबद्दल मायक्रोफायबर्सच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली हीच भूमिका घेतली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रायोगॅस खटल्यात कलाकृती आणि डिझाइन यांतला फरक कसा तपासायचा याची रीत घालून दिली. पण चादरीसारख्या वस्तूच्या बाबतीत उत्तर फारसं बदलत नाही. एका मागावर पन्नास चादरी व्हायला किती वेळ लागतो हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

तिसरा शब्द 'मालक'.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथं आहे. कायद्यानुसार, कोणी दुसऱ्यासाठी योग्य मोबदला घेऊन डिझाइन केलं, तर मालक तो दुसरा. धंद्याच्या दृष्टीनं यात चूक नाही. पैसे ज्यानं गुंतवले, जोखीम ज्यानं घेतली, त्याला हक्क. पण पेटंटच्या कायद्यात, हक्क कंपनीकडे गेला तरी शोध लावणाऱ्याचं नाव नोंदवण्याची तरतूद आहे. कॉपीराइटच्या कायद्यात, हक्क विकला तरी ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. डिझाइनच्या नोंदवहीत मात्र मालकाचं नाव आणि पत्ता लिहिला जातो. रेखाटणाऱ्याचं नाव लिहिलंच पाहिजे असं कुठंही नाही. आपल्या पूर्व भागात आलेख कागदावर नक्षी भरणाऱ्यांच्या, कार्डं पंच करणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. त्यांचे मोर लाखो घरांत अंथरले गेले. त्यांची नावं सांगा बरं. एक सांगा. कायद्यानं त्यांचं काही हिरावलं असं नाही, पण नाव लिहून ठेवायची एक जागा त्याच्याकडे होती, तिचा रकानाच त्यानं आखला नाही.

आणि समजा सगळं जमलं. नोंदणी झाली, नक्कल सापडली. पुढे काय? एक वाट म्हणजे ठरीव रक्कम मागणं: प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त पंचवीस हजार, एका डिझाइनसाठी एकूण पन्नास हजार. ही मर्यादा २००० सालची आहे. दुसरी वाट, नुकसानभरपाई आणि मनाई हुकुमाचा दावा. पण समोरच्यानं उलट म्हटलं, 'हे डिझाइन नवीनच नव्हतं, नोंदणी रद्द व्हावी,' की दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे जातो. बारा मागांचा माणूस तिथपर्यंत किती वेळा जाणार?

आता एक आक्षेप, आणि तो गंभीर आहे. तुमच्यापैकी काहींच्या मनात आलाच असेल. सर, नक्कल नसती तर परंपरा कुठून आली असती? एकानं मोर काढला, दुसऱ्यानं त्याचा पिसारा वाढवला, तिसऱ्यानं तो काठावर आणला, म्हणून तर सोलापुरी चादर झाली. प्रत्येक मोराला कुंपण घातलं असतं तर चादर गोठली असती. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच जुन्या, सर्वांच्या असलेल्या नक्षीवर कोणा एकाला हक्क मिळता कामा नये, आणि कायदा नवेपणाची अट घालतो ते योग्यच आहे. पण नक्कल आणि नक्कल यांत फरक आहे. शेजारचा विणकर तुमचा मोर बघून त्यात स्वतःचं काही घालतो, ते देणं-घेणं झालं. कोणी दूरवर बसून तुमची चादर मशीनखाली ठेवतो, तंतोतंत उतरवतो, हलक्या सुतावर काढतो आणि तुमच्याच बाजारात निम्म्या भावानं विकतो, ते देणं-घेणं नव्हे. त्याच्याकडे मातीची गाय आहे, आणि तो दुधाळ गाईचे पैसे घेतोय. हा फरक धरायला लांब मुदतीचा हक्क लागत नाही, लवकर मिळणारा छोटा हक्क लागतो.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. पहिली, स्वतः बाजारात आणलेल्या डिझाइनला नोंदणीसाठी बारा महिन्यांची सवलत. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाधला जो आंतरराष्ट्रीय डिझाइन करार झाला, त्यात ही सवलत आहे, आणि भारतानं त्याच्या अंतिम मसुद्यावर सही केली आहे. तेव्हा ही मागणी आभाळातून पडलेली नाही. दुसरी, नोंदणीशिवाय मिळणारा, फक्त हुबेहूब नकलेविरुद्धचा, अल्प मुदतीचा हक्क. युरोपीय संघात तो तीन वर्षांचा आहे. हंगामी मालाला तेवढा पुरतो. तिसरी, नोंदवहीत रेखाटणाऱ्याच्या नावाचा रकाना. याला सरकारला एक पैसा लागत नाही. चौथी, लियोंची आठवण ठेवून, सोलापुरातच नमुन्यांचं एक भांडार, जिथं जुनी कार्डं, जुने आलेख, जुन्या चादरी तारखेनिशी ठेवल्या जातील. त्याचा दुहेरी उपयोग आहे. नवं काय हे सिद्ध करायला, आणि उद्या बाहेरच्या कोणी आपलीच जुनी नक्षी स्वतःच्या नावावर नोंदवली, तर ती जुनी आहे हे दाखवून रद्द करायला. पुरावा नसला तर आपल्या आजोबांची नक्षीही कायद्याच्या लेखी नवीन ठरू शकते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर इथं बसलेल्या यंत्रमागधारकांना एवढंच सांगतो. नव्या नमुन्याचा फोटो व्यापाऱ्याला पाठवायच्या आधी अर्ज करा. सगळ्या पन्नास नमुन्यांचा नसेल जमत, तर ज्यावर भरवसा वाटतो त्या दोन-तीनांचा करा. पहिली मागणी घेताना एका ओळीचा का होईना, कागद करा. आणि ज्यानं नक्षी काढली त्याचं नाव, तारखेसकट, त्या आलेखाच्या कोपऱ्यात लिहायला लावा. ते कायद्यानं मागितलेलं नाही, पण तुम्हाला कोणी अडवलेलंही नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.